शून्य सालाचं पाव शतक

इसवी सनाच्या मोजणीत शून्य साल नाही. इसवी सनापूर्वीचं पहिलं वर्ष संपलं की दुसऱ्या दिवशी इसवी सन १ उजाडतं. सहाव्या शतकात, ५२५ च्या सुमारास, डायोनिसियस एक्झिगस या संन्याशाने रोममध्ये ही मोजणी बसवली तेव्हा शून्य हा अंक युरोपच्या हिशेबात नव्हता. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम ग्रंथात मांडले ते त्यानंतर शंभर वर्षांनी, ६२८ मध्ये. हे कधीच न उजाडलेलं साल २००१ मध्ये काही हौशी मंडळींनी आपल्या कामाला नाव म्हणून घेतलं. संगणकावरचा खेळ ‘झिरो ए.डी.’ आणि मंडळींनी स्वतःला दिलेलं नाव ‘वाइल्डफायर गेम्स’.

नावामागचा विचार सरळ होता. इराणचे हखामनी, स्पार्टा, कार्थेज, रोम या सत्तांचे भरभराटीचे काळ वेगवेगळे. त्यांतल्या कित्येक एकमेकींसमोर कधी उभ्याच राहिल्या नाहीत. त्या सगळ्यांना ऐन बहरात एका पटावर आणायचं तर त्या पटाचं साल खरं असून चालणार नाही.

या मंडळींना आता पाव शतक होत आलं. त्यांची कचेरी नाही आणि खेळ विकत नसल्यामुळे उत्पन्नही नाही. माणसं वेगवेगळ्या देशांतली, आपापला नोकरीधंदा सांभाळून रात्री काम करणारी. तरी मी या मंडळींना संस्था म्हणतो. जिथे सुरुवात करणारी माणसं निघून जातात आणि पुढच्यांच्या हाती काम सलग राहतं, त्याला आपल्याकडे संस्थाच म्हणतात. गावोगावची वाचनालयं आणि हौशी नाट्यमंडळं अशीच टिकली आहेत.

या वाटचालीची सुरुवात एका दुसऱ्याच खेळापासून होते. ३० सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग, ‘द एज ऑफ किंग्ज’, बाजारात आला. डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने तो केला आणि मायक्रोसॉफ्टने काढला. इथे ज्यांची कॉलेजची वर्षं सायबर कॅफेच्या जमान्यात गेली, त्यांना या खेळाची ओळख करून द्यायला नको. सहा-आठ संगणक लॅनने जोडलेले, तासाच्या हिशेबाने पैसे, आणि कोपऱ्यातल्या मशीनवरून येणारा तो घोड्यांच्या टापांचा आवाज. लाकूड तोडा, शेत लावा, किल्ला बांधा, मग चाल करून जा. खेळात तेरा राज्यं होती. दुसऱ्या वर्षी ‘द कॉन्करर्स’ या पुरवणीने आणखी पाच आली. या अठरांत भारत नव्हता. हत्ती होते ते इराणचे. तरी आम्ही खेळाबरोबर येणाऱ्या नकाशा-संपादकात डोंगर उभे करायचो, त्यावर दगडी तट आणि बुरूज चढवायचो, खाली तुर्कांची किंवा इराणची फौज आणून ठेवायचो आणि त्याला प्रतापगड म्हणायचो. गडावरचे सैनिक कुठल्या राज्याचे घ्यायचे यावर दर वेळी वाद व्हायचा, कारण मावळा म्हणून शोभेल असा एकही नव्हता.

ती अडचण आम्हाला जिथे थांबवत होती, तिथून काही लोकांनी पुढे पाऊल टाकलं. खेळाच्या फायली उघडून सैनिकांची चित्रं बदलायची, आकडे बदलायचे, आवाज बदलायचे, आणि त्याच खेळाच्या सांगाड्यावर वेगळा काळ, वेगळा देश चढवायचा. यालाच मॉड म्हणतात आणि करणाऱ्याला मॉडर. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा पहिला भाग प्राचीन काळाचा होता, दुसरा मध्ययुगाचा. दुसऱ्या भागाची यंत्रणा फारच सरस. त्या सरस यंत्रणेवर पुन्हा प्राचीन काळ आणावा, आणि या वेळी इतिहासाशी इमान राखून आणावा, हा ‘झिरो ए.डी.’चा मूळ बेत. म्हणजे ‘झिरो ए.डी.’ हा जन्माने एक मॉड. जुन्या खेळाचं सगळं रूप पालटून टाकणारा, पण मॉडच.

तो मॉड कधी आलाच नाही, आणि का आला नाही हे समजून घेण्यासारखं आहे. ‘एज ऑफ किंग्ज’मध्ये प्रत्येक सैनिकाची, प्रत्येक इमारतीची माहिती एका बंद फायलीत ठासून भरलेली होती. ती साध्या अक्षरांत वाचता येत नसे. कुठल्या जागी कुठला आकडा आहे हे चाहत्यांनी अंदाजाने, एकेक आकडा बदलून, खेळ पुन्हा पुन्हा चालू करून शोधून काढलं. चित्रांची बाजू याहून कष्टाची. खेळातला प्रत्येक सैनिक म्हणजे चपटी चित्रं. तो आठ दिशांना तोंड करू शकतो, पण चित्रं पाचच दिशांची काढलेली. उरलेल्या तीन दिशांना तीच चित्रं आरशात धरल्यासारखी उलटी करून दाखवायची. म्हणून उजव्या हाती तलवार धरलेला शिपाई दुसऱ्या बाजूला वळला की तलवार डाव्या हातात जाते. चालण्याच्या, वार करण्याच्या, कोसळण्याच्या प्रत्येक हालचालीला अशी चित्रांची माळ. एक नवा सैनिक घडवायचा तर शेकडो चित्रं, तीही ठरावीक २५६ रंगांच्या पेटीत बसणारी. आणि एवढं करून राज्यांची संख्या, लढाईचे नियम, नगराची वाढ हे सगळं मूळ प्रोग्रॅमच्या पोटात बंद. घर भाड्याचं, खिळा ठोकायलाही मालकाला विचारावं लागणार, अशी अवस्था.

वाइल्डफायरच्या मंडळींनी मॉडचा बेत सोडला आणि स्वतःची यंत्रणा बांधायला घेतली. तिला त्यांनी नाव दिलं ‘पायरोजेनेसिस’. हा निर्णय धाडसाचा होता, आणि त्याने पुढची कित्येक वर्षं खाल्ली.

२००१ ते २००९ या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण काम बंद दाराआड चाललं होतं. चित्रं प्रसिद्ध व्हायची, लोक वाट बघायचे, खेळ हाती येत नव्हता. या काळात माणसं आली आणि गेली. कॉलेजात असताना उमेदीने आलेला मुलगा नोकरीला लागला, लग्न झालं, की त्याच्या संध्याकाळी संपल्या. मॉड्सच्या दुनियेत शंभरातली बहुतेक कामं याच ठिकाणी बुडतात. वैर, भांडण, पैसा ही कारणं नंतरची. ज्याच्या डोक्यात सगळा आराखडा आहे तो माणूस निघून जातो आणि मागे राहिलेल्यांना त्याच्या फायली वाचता येत नाहीत.

१० जुलै २००९ ला वाइल्डफायरने आपल्या खेळाचा सगळा सोर्स कोड जगासमोर ठेवला. जीपीएल या परवान्याखाली तो कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. फक्त बदलून वाटलेलंही तसंच खुलं राहावं. चित्रं, आवाज, संगीत यांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा तसाच परवाना. माझ्या मते संस्थेच्या वाटचालीत या एका दिवसाइतकं मोठं दुसरं काही घडलेलं नाही. तोवर ते एका गटाचं स्वप्न होतं. त्या दिवसानंतर कुणीही निघून गेलं तरी त्याचं काम घरात राहणार होतं, आणि ज्याची कुणाशी ओळखदेख नाही असा माणूस थेट येऊन एखादी चूक दुरुस्त करू शकणार होता.

वर्षभरात, १६ ऑगस्ट २०१० ला, पहिली ‘अल्फा’ आवृत्ती आली: ‘आर्गोनॉट’. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीला प्राचीन जगातलं नाव द्यायचं आणि ती नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने घ्यायची असा रिवाज पडला. या माळेत आपल्या ओळखीची नावं वारंवार येतात. दहावी आवृत्ती २०१२ च्या मे महिन्यात आली ती ‘झेलम’, सिकंदर आणि पौरस यांच्या लढाईची नदी. तेरावी ‘मगध’, सोळावी ‘पतंजली’. पंचविसावीचं नाव प्राचीन इराणी भाषेतलं, आयोनियाच्या ग्रीकांसाठी वापरलेलं. आपला ‘यवन’ हा शब्द त्याचंच सख्खं भावंड. तेविसाव्या आवृत्तीला मात्र प्राचीन जगातलं नाव दिलं नाही. आपल्यातून गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याचं नाव तिला दिलं, आणि त्याच्या आडनावाचं अक्षर वर्णमालेच्या क्रमात नेमकं बसलं. एकमेकांपासून हजारो मैल लांब राहून काम करणाऱ्या माणसांनी आपल्या माणसाची आठवण अशी ठेवली.

२०१३ हे वर्ष या वाटचालीत दोन कारणांनी लक्षात राहण्यासारखं.

एक, त्या एप्रिलमध्ये ‘मगध’ आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर मौर्य खेळात आले. चंद्रगुप्त, चाणक्य, अशोक हे नायक. हत्तीवर बसून लढणारे धनुर्धर. रथ. अशोकाचा स्तंभ उभारायची सोय. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे कामाचा हत्ती. बाकीच्या राज्यांत लाकूड तोडणाऱ्यांनी मोळी घेऊन कोठारापर्यंत चालत जायचं असतं. जंगल मागे सरकलं की नवं कोठार बांधायचं. मौर्यांचा कामाचा हत्ती हेच फिरतं कोठार. तो माणसांबरोबर जंगलात जातो, तिथेच उभा राहतो, माणसं चार पावलांवर येऊन त्याच्याकडे लाकूड, दगड, धातू जमा करतात. हत्ती म्हणजे रणगाडा, एवढंच तोवर मी खेळलेल्या खेळांनी सांगितलं होतं. हत्ती ओझी वाहतो, ओंडके ओढतो, माणसाबरोबर राबतो, हे मला इथे पहिल्यांदा दिसलं. ज्याने हे सुचवलं त्याने हत्तीबद्दल मनापासून वाचलं होतं यात मला शंका नाही.

दुसरं कारण पैशाचं. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संस्थेने लोकवर्गणी मागितली. पूर्णवेळ प्रोग्रॅमर पगारावर नेमायचा, खेळाचा वेग सुधारायचा, यासाठी १,६०,००० डॉलर हवे होते. जमले ३३,२५१. ठरवलेल्या रकमेच्या पंचमांशाच्या थोडे वर. एखादी संस्था इथे खचली असती. पण वर्गणीचा हिशेब ठेवायला त्यांच्यामागे ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही अमेरिकेतली ना-नफा संस्था होती, डेबियनसारख्या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांचे पैसे सांभाळणारी. मिळालं तेवढ्यात जे करता येईल ते केलं, आणि बाकीचं पुन्हा रात्रीच्या कामावर सोपवलं.

त्याच काळात जुन्या घरातलं दुसरं भावंड नावारूपाला येत होतं. तुलना करायची तर याच्याशीच करायला हवी, कारण दोघांची आई एकच.

एन्सेम्बल स्टुडिओज २००९ च्या जानेवारीत बंद झाला. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागाला मायबाप उरले नाहीत, खेळणारे मात्र कमी झाले नाहीत. त्यांच्यातल्याच एका गटाने २०१२ च्या डिसेंबरमध्ये ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाचा मॉड बाहेर काढला. त्यात पाच नवी राज्यं होती: इटली, भारत, इंका, मॅग्यार आणि स्लाव. वाइल्डफायरला जे घर अपुरं वाटलं, त्याच घरात राहून, मूळ प्रोग्रॅम हाती नसताना, या मंडळींनी पाच खोल्या वाढवल्या. त्यांची चिकाटी वेगळ्या जातीची. चार महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने जुन्या खेळाची एचडी आवृत्ती काढली, आणि ७ नोव्हेंबर २०१३ ला या मॉडरांचं काम ‘द फरगॉटन’ या नावाने अधिकृत पुरवणी म्हणून विक्रीला आलं. ‘द कॉन्करर्स’नंतर तेरा वर्षांनी आलेली पहिली अधिकृत पुरवणी चाहत्यांनी केलेली होती. पुढे ‘द आफ्रिकन किंग्डम्स’ २०१५ मध्ये, ‘राइज ऑफ द राजाज’ २०१६ मध्ये, आणि १४ नोव्हेंबर २०१९ ला आलेल्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’च्या कामातही तेच पुढे. मॉडरांचा गट ‘फरगॉटन एम्पायर्स’ याच नावाची रीतसर कंपनी झाला.

मॉडचा असा अधिकृत खेळ होणं किती अवघड असतं याचं उलटं उदाहरणही याच काळातलं आहे. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या तिसऱ्या भागावरचा ‘मॅग्ना मुंडी’ हा गाजलेला मॉड. त्याचा स्वतंत्र खेळ व्हायचा होता, प्रकाशकही मिळाला होता, आणि २०१२ च्या जूनमध्ये प्रसिद्धीच्या तोंडावर तो रद्द झाला. त्याचं काम बंद दाराआडचं होतं, त्यामुळे पुढे कुणाला ते उचलून नेता आलं नाही.

आता दोन भावंडांना शेजारी उभं करून बघतो. प्रश्न मला जवळचा आहे, म्हणून भारतापासूनच सुरुवात करतो.

‘फरगॉटन एम्पायर्स’ने २०१२ मध्ये ‘इंडियन्स’ हे एकच राज्य आणलं. उंट, हत्तीवरचे धनुर्धर, स्वस्तातले गावकरी, तोंडात हिंदी. खेळाच्या तेरा-चौदा वर्षांच्या इतिहासात भारत पहिल्यांदा आला याचा आनंद मोठा होता आणि तो मी नाकारणार नाही. पण जिथे ब्रिटन, फ्रँक, ट्यूटन, गॉथ, केल्ट असे युरोपचे पदर वेगळे सोडवले होते, तिथे हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत हजार वर्षांचा सगळा व्यवहार एका मोटेत बांधला गेला. ही चूक त्याच मंडळींनी पुढे स्वतः दुरुस्त केली. २८ एप्रिल २०२२ ला ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ आली. जुन्या ‘इंडियन्स’चे ‘हिंदुस्तानी’ झाले आणि बंगाली, द्रविड, गुर्जर अशी तीन राज्यं नव्याने आली. द्रविडांना ऊरुमी ही लवचीक तलवार फिरवणारे योद्धे मिळाले आणि वुट्झ पोलाद मिळालं, गुर्जरांना चक्र फेकणारे. राजेंद्र चोळाची, बंगालच्या देवपालाची आणि बाबराची मोहीम खेळता येऊ लागली. हे काम अभ्यासाचं आहे.

पण महाराष्ट्रातल्या माणसाचं बोट नकाशावरून फिरत फिरत दख्खनवर येतं आणि तिथे थांबतं. देवगिरीचे यादव या चारांपैकी कुणाच्या घरात घालायचे? गुर्जर म्हणावेत तर नाहीत, द्रविड म्हणावेत तर नाहीत, हिंदुस्तानी तर नाहीतच. ज्या काळात महानुभावांचं मराठी गद्य उभं राहिलं, ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तो काळ खेळाच्या काळात पुरेपूर बसतो, आणि त्या काळातलं इथलं राज्य पटावर नाही. कंपनीला कुठे थांबायचं हे ठरवावंच लागतं. पुरवणी विकली जाणार, तारीख ठरलेली, राज्यांची संख्या ठरलेली. हे मला कळतं. तरी जागा रिकामी आहे हे लिहून ठेवायला हवं.

‘झिरो ए.डी.’त ही गोष्ट वेगळ्या रीतीने चालते, आणि त्याचं कारण खेळाच्या बांधणीत आहे. त्यांच्या फायलींमध्ये ‘मॉड्स’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात ‘पब्लिक’ नावाचा एक मॉड. खेळातला स्पार्टा, रोम, मौर्य, नकाशे, संगीत, सगळं त्या ‘पब्लिक’मध्ये. म्हणजे आपण जो खेळ म्हणून खेळतो तो स्वतःच त्या यंत्रणेवर चढवलेला एक मॉड आहे. संस्थेचं अधिकृत काम आणि घरी बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचं काम, दोन्ही शेजारी शेजारी, एकाच फोल्डरमध्ये, सारख्याच अधिकाराने बसतात. मॉड म्हणून जन्मलेल्या आणि घरमालकाच्या दारात अडलेल्या माणसांनी स्वतःचं घर बांधताना ही आठवण ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फायल उघडून बघितली तर फरक डोळ्यांनी दिसतो. जुन्या खेळातली ती बंद पेटी इथे नाही. प्रत्येक सैनिकाची एक छोटी फायल, साध्या अक्षरांत. वरच्या ओळीत ‘याचा बाप कोण’ ते लिहिलेलं: भालाईत पायदळाचा सर्वसाधारण साचा. भालाईताची ताकद, वेग, खर्च हे सगळं बापाकडून आपोआप येतं. मुलाच्या फायलीत फक्त वेगळेपण लिहायचं: कुठल्या राज्याचा, त्याच्या भाषेत त्याला काय म्हणतात, कुठलं चित्र. संगणकाचं शिक्षण नसलेल्या माणसालाही अर्ध्या तासात ही वंशावळ वाचता येते.

या मोकळेपणाचं फळ असं की मॉड बाहेर वाढतात आणि पिकले की घरात येतात. ‘टेरा मॅग्ना’ या मॉडमध्ये चाहत्यांनी चीनच्या हान घराण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या सव्विसाव्या आवृत्तीत हान मूळ खेळात आले. नाईल नदीकाठचे कुश हेही चाहत्यांच्या कामातून वाढत वाढत २०१८ मध्ये आत आले. ‘डेलेंडा एस्ट’ हा मॉड मूळ खेळाहून अधिक गुंतागुंत हवी असणाऱ्यांसाठी. ‘हायरूल कॉन्क्वेस्ट’ने तर इतिहास सोडून ‘झेल्डा’ या वेगळ्याच खेळाच्या काल्पनिक जगात पाऊल टाकलं, यंत्रणा तीच. यातलं काहीच विकलं जात नाही.

लढाईच्या नियमांतही दोघांचे स्वभाव उतरले आहेत. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये गावकरी वेगळे, शिपाई वेगळे. शिपाई शेती करत नाही. ‘झिरो ए.डी.’त नागरिक-सैनिक आहेत: भाला बाजूला ठेवून लाकूड तोडणारे, शत्रू आला की पुन्हा भाला उचलणारे. ग्रीक नगरराज्यांचे हॉप्लाइट असेच शेतकरी होते. आणि बारीक नियम असा की, जो सैनिक लढाया मारून वरच्या पायरीला जातो तो तलवारीत तरबेज होतो, पण त्याचा कामाचा हात मंदावतो. पावसाळ्यात शेती आणि दसऱ्याला सीमोल्लंघन ही रीत ज्या मुलखाच्या इतिहासात आहे, तिथल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

आता कमतरता. वाइल्डफायरचा वेग फार कमी आहे. तेविसाव्या आणि चोविसाव्या आवृत्तीत पावणेतीन वर्षांचं अंतर पडलं, सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्यात सव्वादोन वर्षांहून अधिक. मोठ्या लढाईत, शेकडो सैनिक एकमेकांत मिसळले की, खेळ अडखळतो ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. याची मुळं यंत्रणेत आहेत. अशा खेळात, चार जण चार गावांहून खेळत असतील तर सैनिकांच्या जागा इंटरनेटवरून पाठवत नाहीत. पाठवतात फक्त हुकूम. प्रत्येकाचा संगणक तीच सगळी लढाई स्वतः मोजत असतो आणि चारही उत्तरं अक्षरशः एक यावी लागतात. एका संगणकाने अपूर्णांक जरा वेगळा गोल केला तरी काही मिनिटांनी एकाच्या पटावर जिवंत असलेला हत्ती दुसऱ्याच्या पटावर मेलेला असतो. म्हणून वाइल्डफायरने लढाईचा हिशेब दशांश चिन्ह पक्कं ठेवलेल्या आकड्यांत मांडला, म्हणजे कुठलाही संगणक असो, उत्तर एकच. हे खपून करायचं काम आहे, पडद्यावर दिसत नाही, त्याची कुणी जाहिरात करत नाही. पगारी माणसं असती तर ते लवकर झालं असतं. ‘फरगॉटन एम्पायर्स’ची कामं वेळेवर येतात, सफाईदार असतात, आणि त्यामागे पगार आहे. हौशी माणसाने त्याकडे तुच्छतेने बघू नये. खेळ चांगला व्हावा आणि तो करणाऱ्याच्या घरी चूल पेटावी, या दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत.

एक गोष्ट मात्र पैशाने येत नाही. २००१ चं वाइल्डफायरचं स्वप्न होतं ‘एज ऑफ किंग्ज’च्या यंत्रणेवर ग्रीस आणि इराण आणायचं. ते शेवटी १४ नोव्हेंबर २०२४ ला प्रत्यक्षात आलं. ‘बॅटल फॉर ग्रीस’ या अधिकृत पुरवणीत हखामनी, अथेन्स आणि स्पार्टा ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागात दाखल झाले. ती केली ‘कॅप्टन मार्लो’ नावाच्या गटाने, आणि हा गट म्हणजे ‘रोम ॲट वॉर’ हा मॉड करणारी मंडळी. कंपनी झालेल्या मॉडरांनी पुढच्या पिढीच्या मॉडरांना घरात घेतलं. तेवीस वर्षांनी, दुसऱ्याच माणसांच्या हातून, तोच बेत. प्रत्येक पिढीत कुणीतरी विकत घेतलेल्या खेळावर समाधान न मानता त्याच्या फायली उघडतो, हे मूळ भांडवल. ते दोन्ही घरांत आहे.

वाइल्डफायरने २०२४ मध्ये आपलं सगळं काम जुन्या नोंदव्यवस्थेतून ‘गिट’ या नोंदव्यवस्थेवर हलवलं. इतक्या वर्षांच्या नोंदी, कुणी कुठल्या दिवशी कुठली ओळ बदलली त्याचा इतिहास, सगळं नव्या जागी नीट लावलं. आणि २०२५ च्या जानेवारीत सत्ताविसावी आवृत्ती आली. वर्णमाला संपली होती, पुन्हा पहिलं अक्षर आलं. नाव ठेवलं ‘अग्नी’. ठिणगी पडून पसरलेल्या वणव्याचं नाव घेतलेल्या संस्थेला ऋग्वेदाच्या पहिल्याच शब्दाची ही देवता शोभून दिसते.

अशोकाचं राज्य आपल्या किनाऱ्यापर्यंत होतं याचा पुरावा नालासोपाऱ्याला सापडला. भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये तिथे शिलालेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये आणखी एक. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा लेख बघता येतो. ‘झिरो ए.डी.’त मौर्य घेऊन खेळताना मी समुद्रकाठी बंदर बांधतो तेव्हा ते माझ्यापुरतं सोपाराच असतं. पण मौर्यांनंतर इथे जे उभं राहिलं, ते सातवाहन, मूळ खेळात नाहीत. खेळाचा काळ इसवी सनापूर्वी ५०० ते इसवी सन ५००. त्यात सातवाहन पूर्ण बसतात: नाणेघाटाचा लेख, जुन्नरची लेणी, दोन डोलकाठ्यांचं जहाज कोरलेली नाणी. इथे जागा रिकामी आहे म्हणून कुणाकडे तक्रार करावी लागत नाही. ‘मॉड्स’चं फोल्डर उघडायचं आणि शेजारी एक नवं करायचं.

गेल्या पावसाळ्यात मी ते केलं. नाव, वर्णनाच्या दोन ओळी, आणि मौर्यांच्या भालाईताची फायल उतरवून घेतली. बापाचा साचा तोच ठेवला, राज्याचं नाव बदललं, खेळ चालू केला. पडद्यावर सातवाहनांचा पहिला शिपाई उभा राहिला. त्याच्या हातातली ढाल मौर्यांची होती. मग ढाल कशी असावी याचा शोध सुरू झाला आणि पाय पितळखोऱ्याकडे वळले. कन्नडच्या पुढे, दरी उतरून गेलं की इसवी सनापूर्वीची लेणी आहेत, आणि एका लेण्याच्या दारावर दोन द्वारपाल उभे आहेत: अंगात शिवलेला अंगरखा, हातात भाला आणि ढाल. बाजूला पट्टी धरून मी दोन्ही बाजूंनी फोटो घेतले, ढालीची उंची द्वारपालाच्या छातीशी ताडून बघितली, कडेची नक्षी वहीत उतरवली. पाऊस भुरभुरत होता, खालच्या पाण्याचा आवाज येत होता. घरी येऊन ती ढाल त्रिमितीत घडवायला मला तीन आठवडे लागले. फोल्डरमध्ये सध्या एक शिपाई आहे. घोडेस्वारासाठी पुढच्या सुट्टीत भाज्याला जायचं आहे.